सुरांची शाळा

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि गाडी कृष्णाकाठच्या सुपीक मुलखातून सांगली जिल्ह्यात प्रवेश करते. वाटेत किर्लोस्करवाडीचे स्थानक लागते. त्याच्या जवळच पलूस नावाचे गाव आहे. या गावाचे नाव ज्या घराण्याने आपल्या आडनावात जपले, त्या घराण्यातील एका पुरुषाची ही कथा आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की कोरेगावासारख्या गावी एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत गाण्याचा वर्ग भरतो. दहा-पंधरा मुलेमुली सतरंजीवर मांडी घालून बसतात. गुरुजी पेटीवर षड्ज धरतात आणि सारी मुले एका आवाजात सूर लावतात. एखाद्याचा सूर खाली उतरतो, एखादीचा वर चढतो. हळूहळू सारे आवाज एकमेकांत मिसळतात. पुढ्यात वही असते, वहीत स्वर लिहिलेले असतात, हाताने ताल धरलेला असतो. कोणाचे वडील शेतकरी, कोणाचे दुकानदार, कोणाचे शिक्षक. परंतु त्या सतरंजीवर सर्वांची जागा सारखीच.

यात नवल ते काय, असे तुम्हांस वाटेल. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी असा वर्ग क्वचितच कोठे पाहावयास मिळाला असता. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे घरदार सोडून एखाद्या गवयाच्या दारी राहावे लागे. पाणी भरावे, सेवा करावी, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पाडून घ्यावी, अशी रीत होती. वर्षानुवर्षे सेवा करूनही विद्या मिळेलच, असा भरवसा नसे. पुस्तके नव्हती, इयत्ता नव्हत्या. शिवाय भल्या घरातील मुलाने गाणे शिकावे, हे लोकांना रुचत नसे. गवयाच्या गळ्याचे कौतुक सारे करीत. त्याला मान मात्र कोणी देत नसे. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे तेव्हा पटवर्धनांचे एक छोटे संस्थान होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नरसोबाची वाडी तेथून अगदी जवळ आहे. पलुसकरांचे मूळ आडनाव गाडगीळ. परंतु पलूस गावावरून त्यांना पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. घरात पैसा बेताचाच, पण अभंग, आर्या, पदे यांची श्रीमंती मोठी. वडील कीर्तनास उभे राहिले, की लहानगा विष्णू त्यांच्या मागे उभा राहून साथ करी. त्याचा आवाज गोड होता आणि एकदा ऐकलेली चाल तो सहसा विसरत नसे.

विष्णू शाळेत जाऊ लागला. सारे काही सुरळीत चालले असते, तर तो शिकून एखाद्या कचेरीत नोकरीस लागला असता. परंतु तसे व्हावयाचे नव्हते. एके वर्षी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेचे दारूकाम चालले असता एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला. जीव वाचला, पण डोळ्यांना जबर इजा झाली. दृष्टी अधू झाली. पुस्तकातील अक्षरे दिसेनाशी झाली आणि शाळा सुटली. ज्या वयात मुले पाटी-दप्तर घेऊन धावतात, त्या वयात हा मुलगा अंधूक जगाकडे पाहत घरी बसून राहिला.

वडिलांनी त्याला उपचारांसाठी मिरजेस आणले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी डोळ्यांवर पुष्कळ इलाज केले. परंतु गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईना. मात्र मुलाचा गळा त्यांच्या ध्यानात आला होता. डोळ्यांचे काम ज्यात कमी आणि कानांचे जास्त, अशी विद्या या मुलाने शिकावी, असा सल्ला त्यांनी दिला. मिरजेच्या अधिपतींनी राहण्याजेवणाची सोय केली आणि विष्णू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा शिष्य झाला.

बाळकृष्णबुवा हे त्या काळचे थोर गायक. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांनी स्वतः ही विद्या दूरदेशी राहून, हालअपेष्टा सोसून मिळविली होती. त्यामुळे शिष्यांकडूनही ते कसून मेहनत घेत. पहाटे उठावे, तंबोरा जुळवावा आणि एकेक स्वर घटकान्‌घटका घोटावा, असा विष्णूचा क्रम सुरू झाला. काही दिसत नाही म्हणून खंत करीत बसण्यास त्याला सवडच उरली नाही. कान तीक्ष्ण झाले, स्मरणशक्ती धारदार झाली. बरीच वर्षे अशी गेली आणि विष्णूचे विष्णुबुवा झाले.

याच मिरजेत एक प्रसंग घडला. गावात एक मोठा समारंभ होता. गावातील प्रतिष्ठित मंडळींना आमंत्रणे गेली. विष्णुबुवांवर अधिपतींचा लोभ होता. म्हणून त्यांनाही आमंत्रण आले. परंतु त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. विष्णुबुवांनी चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले, की बुवा कितीही मोठे असले, तरी ते पडले गवई. प्रतिष्ठितांच्या बैठकीत त्यांना बोलावण्याची रीत नाही. हे उत्तर तरुण शिष्याच्या मनास झोंबले. ज्यांच्या गाण्यावर माना डोलतात, त्यांना बसावयास आसन नाही, हा कोठला न्याय? दोष एखाद्या माणसाचा नव्हता, साऱ्या समाजाच्या दृष्टीचा होता. आपली दृष्टी अधू झाली असली, तरी लोकांची ही दृष्टी सुधारलीच पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. राजाश्रय सुखाचा होता. राहण्याजेवणाची चिंता नव्हती. पण त्या सुखात राहून मनातील कार्य होण्यासारखे नव्हते. औंध, सातारा करीत ते बडोद्यास गेले. तेथे त्यांच्या गाण्याचा सन्मान झाला. पुढे ते काठेवाडात गेले. राजकोट येथे १८९७ मध्ये त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. त्या काळी ही गोष्ट अगदी नवी होती. आजवर गाणे राजवाड्यात होई. ज्याला आमंत्रण, त्यानेच ते ऐकावे. आता कोणीही माणूस माफक पैसे देऊन मानाने बसावा आणि गाणे ऐकावे, असे दार विष्णुबुवांनी उघडले. गवयाचे पोट एका धन्याच्या मर्जीवर न चालता अनेक रसिकांच्या बळावर चालू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

ग्वाल्हेर, मथुरा अशी गावे करीत ते उत्तरेकडे सरकत राहिले. मथुरेस त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला. कारण हिंदुस्थानी संगीतातील पुष्कळ चिजा त्या भाषेत आहेत. अर्थ न समजता शब्द उच्चारणे त्यांना मान्य नव्हते. अखेर ते पंजाबात लाहोर येथे पोहोचले. हे शहर आज पाकिस्तानात आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, भाषा निराळी, माणसे अनोळखी. अशा ठिकाणी त्यांनी आपल्या स्वप्नातील शाळा काढण्याचे ठरविले.

५ मे १९०१ रोजी, ऐन उन्हाळ्यात, लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. बडोद्यास संस्थानच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी यापूर्वी संगीतशाळा चालविली होती. परंतु राजाची मदत न घेता, लोकांनी दिलेल्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर उभी राहिलेली ही शाळा म्हणजे एक नवाच प्रयोग होता.

शाळा निघाली खरी. पण विद्यार्थी कोठे होते? सतरंज्या अंथरल्या होत्या, तंबोरे जुळविले होते, वेळापत्रक ठरले होते. मात्र दारातून एकही मुलगा आत येईना. रोज ठरल्या वेळी विष्णुबुवा वर्गात येत, तंबोरा घेत आणि स्वतःच गात बसत. वेळ संपली, की उठत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्ग रिकामा म्हणून त्यांनी वेळ चुकविली नाही. असे बरेच दिवस गेल्यावर लाहोरच्या न्यायालयातील एक न्यायाधीश, चटर्जी, शिकावयास आले. एवढा मोठा माणूस गाणे शिकतो, हे पाहून लोकांचा संकोच गळाला. मग मुले आली, तरुण आले. ज्या घरांतून गाण्याचे नाव काढणे अवघड होते, त्या घरांतून मुले बुवांकडे येऊ लागली. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. गाणे हे मुलींनीही मानाने शिकावे, असे बुवांचे मत होते.

पण अनेक मुलांना एकत्र बसवून गाणे शिकवावयाचे कसे, हा प्रश्न सोपा नव्हता. एकास एक शिकविताना गुरू गातो आणि शिष्य ते ऐकून गळ्यात उतरवितो. वर्गात वीस मुले असली, तर वीस गळे, वीस प्रकारची समज! शिकविलेले घरी गेल्यावर आठवले नाही, तर करावे काय? यासाठी बुवांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. स्वर कोमल की शुद्ध, खालच्या सप्तकातील की वरच्या, एक मात्रा लांबवावयाचा की अर्धी, की पाव, हे सारे दाखविण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या खुणा ठरविल्या. जी विद्या आजवर केवळ जिभेवर आणि कानात होती, ती कागदावर उतरली. पुस्तके हवीत म्हणून त्यांनी छापखाना काढला. वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखानाही संस्थेस जोडला. लहान मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी तयार केलेल्या संगीताच्या पुस्तकांची संख्या पन्नासाहून अधिक भरते. ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. ज्याची शाळा डोळ्यांपायी सुटली होती, त्या माणसाने हजारो मुलांच्या हाती पुस्तके द्यावीत, ही केवढी गोष्ट!

वर्गातील शिक्षण पायरीपायरीने चाले. आधी षड्ज स्थिर करावयाचा. मग सा रे ग, रे ग म, ग म प असे अलंकार म्हणावयाचे. सोबत हाताने ताल धरावयाचा. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या मात्रेवर सम येते, नवव्या मात्रेवर खाली येते. टाळी कोठे द्यावयाची आणि हात कोठे मोकळा सोडावयाचा, हे सर्वांनी मिळून करावयाचे. चिजांतील शब्द मुलांच्या तोंडी शोभणारे नसतील, तर त्या जागी बुवा भक्तिपर शब्द घालीत. संतांची पदे त्यांनी रागांत बांधली. त्यामुळे आईबापांच्या मनातील उरलीसुरली शंकाही दूर झाली.

मिळून गाण्याचा एक विशेष गुण आहे. एकटा मुलगा गावयास उभा राहिला, की लाजतो, त्याचा आवाज थरथरतो. परंतु शेजारी चार मुले गात असली, की त्यांच्या सुरांचा त्याला आधार मिळतो. आपला सूर चुकला, हे त्याला कोणी न सांगता कळते. कारण तो इतरांच्या सुरात मिसळत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याला तो आवरावा लागतो. ज्याचा लहान, त्याला धीर धरून तो मोकळा करावा लागतो. कोणी पुढे धावून चालत नाही, कोणी मागे रेंगाळून चालत नाही. समेवर सर्वांनी बरोबरच यावे लागते. अशा रीतीने गाता गाता मूल ऐकण्यास शिकते, थांबण्यास शिकते आणि चारचौघांत उभे राहण्याचे धैर्यही मिळविते. विष्णुबुवांच्या जलशांत विद्यार्थी एकत्र गात आणि निरनिराळी वाद्ये मिळून वाजवीत, तेव्हा श्रोत्यांना या शिक्षणाचा प्रत्यय येई.

केवळ हौसेने येणाऱ्या मुलांवर बुवांचे समाधान नव्हते. ही विद्या गावोगाव पोहोचवावयाची, तर शिक्षक तयार झाले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. त्यासाठी काही होतकरू मुलांना ते विद्यालयातच ठेवून घेत. त्यांचे जेवण, कपडे, शिक्षण यांचा भार संस्था सोशी. त्याच्या बदल्यात त्यांनी नेमलेली वर्षे पूर्ण शिकावे आणि पुढे संगीताचा प्रसार करावा, एवढीच अट असे. तेथील शिस्त कडक होती. पहाटे उठणे, प्रार्थना, रियाज, वर्ग, पुन्हा रियाज असा दिवस जाई. व्यसन आणि आळस यांना तेथे थारा नव्हता. बुवा रागीट होते, पण जो नियम शिष्यांना, तोच स्वतःला लावीत. गवई म्हटला, की तो व्यसनी आणि बेशिस्त असावयाचा, ही लोकांची समजूत त्यांना आपल्या शिष्यांच्या आचरणाने खोटी ठरवावयाची होती.

त्या मुलांपैकी काहींची नावे आज सर्वांस ठाऊक आहेत. मिरजेचा विनायक पटवर्धन १९०७ साली लाहोरास गेला, तेव्हा तो अवघा नऊ वर्षांचा होता. घर इतके दूर, की आईची आठवण आली तरी सहज परत येता येऊ नये. मिरजेच्या अधिपतींनी त्याला शिष्यवृत्ती दिली होती. गुजरातमधील जहाज गावचा ओंकारनाथ ठाकूर हा अत्यंत गरीब घरातील मुलगा. पडेल ते काम करून तो दिवस काढीत असे. त्याचा गळा ऐकून एका उदार पारशी गृहस्थाने त्याला मुंबईस बुवांच्या विद्यालयात धाडले. पुढे विशीच्या सुमारास तोच ओंकारनाथ लाहोरच्या विद्यालयाचा प्रमुख झाला. कोल्हापूरचे नारायणराव व्यास आणि मिरजेचे बा. र. देवधर हेही याच शाळेत घडले.

१९०८ साली बुवांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली, जागा अपुरी पडू लागली. तेव्हा संस्थेस स्वतःची मोठी इमारत असावी, असे त्यांनी मनात घेतले. सँडहर्स्ट रोडवर इमारत उभी राहिली. पण तिच्यासाठी कर्ज काढावे लागले होते. बुवा गावोगाव मैफली करीत आणि मिळालेला पैसा संस्थेत ओतीत. तरीही व्याजाचा बोजा हलका होईना. पैशाचा हिशेब ठेवण्यापेक्षा कार्य वाढविण्याकडेच त्यांचे लक्ष अधिक होते, हेही खरे. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. ज्या भिंतींआड शेकडो मुलांचे सूर घुमले होते, त्या परक्या झाल्या. तंबोरे, पुस्तके, सतरंज्या सारे काही विखुरले.

घरातील दुःखही थोडे नव्हते. बुवांना बारा अपत्ये झाली. त्यांपैकी अकरा लहानपणीच गेली. परक्यांच्या मुलांना गाते करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात पुन्हा पुन्हा शांतता पसरली. बारावा मुलगा दत्तात्रेय १९२१ मध्ये जन्मला आणि तोच काय तो जगला.

या आघातांनी बुवांचे मन अधिकाधिक रामभक्तीकडे वळले. नाशिकला गोदावरीच्या काठी त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. तुलसीदासांच्या रामचरितमानसावर ते प्रवचने करीत. रामधूनीची जी चाल पुढे देशभर घराघरांत पोहोचली, ती बुवांनीच लोकांच्या कानी घातली. येथेही त्यांची जुनी वृत्ती कायम होती. एकट्याने गाऊन लोकांना थक्क करण्यापेक्षा हजारो लोकांनी मिळून एका सुरात गावे, यातच त्यांना अधिक आनंद वाटे.

देशाच्या स्वातंत्र्याची चळवळ तेव्हा जोरात होती. काँग्रेसच्या अधिवेशनांत बुवा वंदे मातरम् गात असत. १९२३ च्या काकिनाडा येथील अधिवेशनात या गाण्यास अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली. परंतु बुवा थांबले नाहीत. त्यांनी गीत शेवटपर्यंत गायिले. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा बुवांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तेथे पाठविले. खरेशास्त्री आश्रमातील मुलांना आणि मोठ्यांना एकत्र प्रार्थना गाण्यास शिकवीत. १९३० साली गांधीजी दांडीस मिठाचा सत्याग्रह करण्यासाठी पायी निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींत खरेही होते.

बुवांची प्रकृती खालावत गेली. ज्या मिरजेत डोळ्यांवर उपचार घेण्यासाठी ते बालपणी आले होते आणि जेथे त्यांना स्वरांचे धन लाभले होते, त्याच मिरजेत २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचा अंत झाला. एकोणसाठ वर्षांचे आयुष्य संपले. त्यांच्यामागे ना इमारत होती, ना पैसा. दहा वर्षांचा एक मुलगा तेवढा होता.

तर मग विष्णुबुवांचे काय उरले? त्यांचे शिष्य उरले. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. दुसऱ्या वर्षी, ८ मे १९३२ रोजी, विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांनी मुंबईत संगीतशाळा चालविली. अकरा-बारा वर्षांचा कुमार गंधर्व तेथे शिकावयास आला आणि तेथेच मोठा झाला. ओंकारनाथांनी १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताच्या शिक्षणाची धुरा वाहिली. आणि बुवांचा पोरका मुलगा? त्याला नारायणराव व्यास आणि विनायकबुवा या गुरुबंधूंनी आपलेसे केले. वडिलांनी त्यांना जे दिले होते, ते त्यांनी त्याला परत दिले. चौदाव्या वर्षी जालंधरच्या मोठ्या संगीतमेळ्यात तो गायिला. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो हे जग सोडून गेला. परंतु तेवढ्या थोड्या काळात द. वि. पलुसकर हे नाव त्याने रसिकांच्या मनावर कायमचे कोरले.

मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात. एप्रिल-मे महिन्यांत, सुट्टीच्या दिवसांत, कितीतरी गावांतील मुले प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षेस बसतात. यातील प्रत्येक मूल गवई होतेच असे नाही. पुष्कळ मुले पुढे शेती करतात, दुकान चालवितात, कचेरीत जातात. पण लहानपणी चारजणांत बसून लावलेला सूर त्यांच्या मनात कोठेतरी राहतो. मैफलीत गवई समेवर आला, की त्यांची मान आपोआप हलते. विष्णुबुवांना हेच हवे होते. आपण तानसेन घडवू शकलो नाही, तरी गाणे समजणारे कान गावोगाव घडवू, हा त्यांचा ध्यास होता.

आता पुन्हा त्या कोरेगावच्या वर्गाकडे वळू या. दुपार कलली आहे. ओसरीवर ऊन तिरपे आले आहे. पेटीवर षड्ज वाजतो आहे. मागच्या रांगेतील एक मुलगा अजून लाजतो. त्याचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. शेजारची मुलगी मोकळ्या गळ्याने गाते. थोड्या वेळाने तोही तिच्या सुरास सूर लावतो. त्याच्या वहीत मात्रांच्या खुणा आहेत, बोटांवर ताल आहे आणि बसण्यासाठी सर्वांच्या बरोबरीची जागा आहे. ही जागा त्याला सहज मिळाली. ती मिळावी म्हणून अंधूक डोळ्यांचा एक माणूस लाहोरच्या रिकाम्या खोलीत रोज ठरल्या वेळी तंबोरा घेऊन एकटाच गात बसला होता.